पत्रा, कापड आणि पन्नी

डायफ्राम म्हणजे काय, हे मला माझ्या इंजिनियर जावयालाही समजावून सांगावं लागलं होतं, तेव्हा तुम्हाला सांगण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. भोंग्याच्या मागे तांब्याएवढा एक जड गोल डबा आट्यांनी बसवलेला असतो, त्याला आम्ही युनिट म्हणतो. त्याच्या पोटात लोहचुंबक, आणि चुंबकाच्या बारीक फटीत अलगद बसणारी एक पातळ टोपी. टोपीच्या कडेला लहान मुलीच्या बांगडीएवढं तारेचं वेटोळं. ही टोपी म्हणजे डायफ्राम. माणूस माइकवर बोलतो तेव्हा ती थरथरते आणि तो थरथराट भोंग्यातून गावाला ऐकू जातो. मशीन, वायरी, बांबू, भोंगा, हे सगळं नुसतं वऱ्हाड, नवरी ती. ती जळते, फाटते, तिला चीर जाते, आणि मग नवी घालावी लागते. कोणती घालायची यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्यांच्या घरात जमिनीवरूनही झाली नसतील. आमच्याकडे जमीन नव्हतीच, म्हणून आम्ही डायफ्रामवर भागवत असू.

आमचं घर लाखनीत, हायवेला लागून. समोर दुकान, मागे दोन खोल्या, त्यांच्या मागे दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्यांच्या पलीकडे बोडी, म्हणजे लहानसा तलाव. पुढच्या दारातून दिवसभर ट्रक जायचे आणि फळीवरचे स्टीलचे पेले आपोआप वाजायचे. मागच्या दाराला मात्र शांतता असायची. बगळे, बेडूक, आणि आई लाखोळीची डाळ वाटत असली तर पाट्यावरची घरघर. घरात कथील वितळल्याचा वास आणि फोडणीचा वास एकाच वेळी असायचा. मला अजूनही झाळणीचा धूर नाकात गेला की भूक लागते. दुकानाच्या पाटीवर माझं नाव होतं, 'करुणा लाउडस्पीकर सर्व्हिस'. मी जन्मले त्याच आठवड्यात बाबांनी ती पाटी रंगवून घेतली होती आणि त्यामुळे अख्खा तालुका त्यांना 'करुणावाले दौलतभाऊ' म्हणायचा. पण कार्यक्रमाला मशिनीवर बसायची मला मनाई होती. दुरुस्ती सगळी माझी, मशीन बाबांची. आई एकदा भांडी घासता घासता म्हणाली होती, "पाटीवर पोरगी चालते, मशिनीवर नाही चालत." बाबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

दुरुस्ती माझ्याकडे आली ती माझ्या बोटांमुळे. बाबांची बोटं जाड, बांबूचे दोर ओढून ओढून राठ झालेली. फटीतलं वेटोळं त्यांच्याकडून हमखास वाकायचं. मी दहावीत असताना पहिल्यांदा युनिट उघडलं आणि बारावीला येईपर्यंत डोळे मिटून उघडायला लागले. चार स्क्रू काढायचे, झाकण उचलायचं, जळकी टोपी काढायची. चुंबकाच्या फटीत लोखंडाची भुकटी बसलेली असते, ती फुंकरीने निघत नाही. चिकटपट्टीची घडी फटीतून फिरवायची, पट्टी कोरी निघेपर्यंत. मग नवी टोपी. तिचं वेटोळं जुन्याच्याच मापाचं पाहिजे, तिचा घुमट तेवढ्याच उंचीचा पाहिजे, आणि मीटर लावला की सोळा ओहमच्या युनिटला बाराच्या आसपास काटा दाखवला पाहिजे. एवढं जुळलं तर ती बसते. बसली म्हणून शोभतेच असं नाही, आणि खरी निवड तिथून पुढे सुरू होते.

तेव्हा आमच्या बाजारात तीन जातीचे डायफ्राम मिळायचे आणि आम्ही त्यांना घरगुती नावं ठेवली होती. धातूचा तो पत्रा. राळेत भिजवून कडक केलेला, तपकिरी, तो कापड. आणि पातळ प्लॅस्टिकचा, उजेडात धरला तर आरपार दिसणारा, ती पन्नी. पत्र्याचा आवाज धारदार. दूर जातो, पण 'स' आणि 'श' आले की कानात सुई गेल्यासारखं होतं, आणि धातू थकला की त्याला एक दिवस अचानक चीर पडते. कापड दणकट, मार खाणारं, पण आवाजावर घोंगडी पांघरतं. पन्नी सगळ्यात साफ बोलते. पण ती नाजूक, आवाज जास्त वाढवला की फाटते, म्हणून धंद्यात तिला कुणी विचारत नसे. आज माझ्या दुकानात पोरं मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "ताई, हा टाका, टायटॅनियम आहे." मी विचारते, "यातून बोलणार कोण आहे?" पोरं एकमेकांकडे बघतात. डीजेवाल्याला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

बाबा तो प्रश्न विचारायचे, आणि उत्तर शोधायची त्यांची एक रीत होती. ती त्यांनी स्वतः काढली होती, कुठल्या पुस्तकातून नाही. नवा डायफ्राम बसवला की भोंगा मागच्या दारात, बोडीकडे तोंड करून ठेवायचा. माइक ओट्यावर. आई सूप घेऊन बसायची आणि माइकपुढे मूठ मूठ तांदूळ सुपात सोडायची. बाबा बांध्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून चालत दोनशे पावलांवर बोडीच्या पाळीवर जाऊन उभे राहायचे. तिथे तांदळाचा दाणा न् दाणा वेगळा ऐकू आला तर डायफ्राम चांगला. नुसताच सर्रर्र आवाज आला तर घोंगडी. दाण्याच्या जागी खडा ऐकू आला तर फार धार. पसंत पडला की बाबा खांद्यावरचा दुपट्टा उंच धरायचे, नापसंत असला तर दुपट्टा खांद्यावरच राहायचा. तांदूळही साधा चालत नसे. जाड तांदूळ कुठल्याही डबड्यातून ऐकू येतो, म्हणून बारीक, वासाचा चिन्नोर लागायचा. आई कुरकुरायची, "सणावाराले ठेवला तो तांदूर तुमच्या भोंग्याले कायले?" बाबा म्हणायचे, "भोंगा खाते काय? आयकून झाला का मंग शिजव." त्यामुळे आमच्याकडे डायफ्राम बदलला त्या दिवशी चिन्नोरचा भात आणि झिंग्यांची चटणी असायची. वासावरून शेजारीण विचारायची, आज कोणता भोंगा गेला म्हणून.

या रीतीवर बाबांचं नाव झालं होतं. नागपूरहून आलेले वक्ते मंचावरून खाली उतरताना विचारायचे, आवाज कुणाचा आहे. मग, मी बारावी झाले त्या सुमाराला, काहीतरी बिघडत चाललं. बाबा एकामागून एक सगळी युनिटं पत्र्यावर न्यायला लागले. कापड काढ, पत्रा टाक. बोडीवरून दुपट्टा फक्त पत्र्यालाच वर जायचा. मला घरात उभ्याने तो आवाज टोचायचा, पण बोडीवर दूर गेल्यावर तो बरा होत असेल, असं मी स्वतःला समजावत असे. शेवटी आवाजातलं बाबांपेक्षा मला काय जास्त कळणार होतं? कार्यक्रमात बायका पदर कानावर घ्यायला लागल्या. एका लग्नात तर नवरदेवाच्या मामाने येऊन भोंग्याचं तोंड शेताकडे फिरवलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "लोकायचे कान नाजूक झाले आता." आणि दर महिन्याला एखाद्या पत्र्याला चीर पडलेली असायची, कारण आवाजाचं बटण त्यांच्या हातून रोज थोडं वरच जात होतं.

अशात एका सकाळी मेश्राम गुरुजी दुकानात आले. आमच्या वस्तीत नवं बुद्धविहार बांधून झालं होतं, त्या विहार समितीचे ते अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस, चहा बशीत ओतून पिणारा. पौर्णिमेला सकाळी विहाराचं लोकार्पण होतं आणि त्यासाठी एक फार वृद्ध भंते येणार होते. त्यांचं वय झालेलं, आवाज अगदी खोल गेलेला. गुरुजी बराच वेळ धानाच्या भावाबद्दल बोलले, तेव्हाच मी ओळखलं की यांना दुसरंच काही सांगायचं आहे.

"दौलतभाऊ, राग नका मानू," शेवटी ते म्हणाले. "समितीत बोलनं निंगालं. भंतेजीचा आवाज लहान. मागच्या साली आपल्या कार्यक्रमात मांगं बसलेल्यायले एक शब्द समजला नाही, नुसतं स्स स्स आयकू आलं. पोरं म्हणतात, नागपूरची पार्टी बोलावू."

बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. त्या विहाराच्या पायव्यात त्यांनी स्वतः टोपल्यांनी रेती वाहिली होती. वस्तीचा एकही कार्यक्रम त्यांच्या भोंग्याशिवाय झालेला नव्हता, आणि ते वस्तीकडून कधी काही घेतही नसत. ते म्हणाले, "गुरुजी, सगळे डायफ्राम नवे टाकतो. भंतेजीचा शब्द शेवटल्या मानसापर्यंत पोचला नाही तं मी मशीन इकून टाकीन. हा माहा शब्द हाय." गुरुजींनी चहा संपवला. मग म्हणाले, "तुमी शब्द देल्ला, मंग मी नागपूरले नाही सांगत." ते गेल्यावर बाबा दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि एकामागून एक चार ट्रक जाईपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नागपूरला गेलो. दुकानदाराने काउंटरवर पत्र्यांचा ढीग ओतला. मी तिन्ही जातींचे नमुने मागितले. तो हसला. "पब्लिकला कडक आवाज लागतो, ताई. पन्नी तर घरातल्या टेपला लावतात." बाबाही म्हणाले, "पन्नी कायले घेतं? फाटते थे." मी म्हटलं, "पाहून तं घेऊ. भंतेजी हळू बोलतात म्हनून." त्यांनी नाही म्हटलं नाही. बसमध्ये त्या तीन डब्या मी मांडीवर धरून बसले होते. साकोलीची बस, खच्चून भरलेली. एका म्हातारीने विचारलं, सोनं हाय काय? मी म्हटलं, हाव.

घरी आल्यावर संध्याकाळच्या उजेडात चाचणी लावली. आधी पत्रा. आईने मूठ सोडली, बोडीवर लगेच दुपट्टा वर गेला. मग कापड; दुपट्टा हलला नाही. मग मी पन्नी बसवली. घुमटावर बोट न लावता, श्वास रोखून. आईने तांदूळ सोडायला सुरुवात केली. दारात उभी राहून मी दाणे मोजू शकले असते. पडणारा दाणा, उसळणारा दाणा, सुपाच्या काठाला लागून घरंगळणारा दाणा. मी बोडीकडे पाहिलं. बाबा नुसते उभे. मग त्यांनी हात हलवला, म्हणजे सुरू करा. आईने मूठ मोठी केली. बाबांनी पुन्हा हात हलवला, या वेळी जरा चिडून, आणि ओरडले, "सुरू करा ना, कायची वाट पाहून राहिले?"

मी धुऱ्यावरून पळत सुटले. वाटेत घसरले, बांधीतल्या चिखलात एक पाय गेला, चप्पल तिथेच राहिली. पाळीवर चढून बाबांच्या शेजारी उभी राहिले आणि घराकडे कान दिला. दोनशे पावलांवरून, धानाच्या वरून, तांदूळ स्वच्छ ऐकू येत होता. बाबा म्हणाले, "काय करून राहिली तुही माय? तांदूर संपला काय?"

माझं तोंड बघून ते म्हणाले, "काय झालं?" आणि मग, हळूच, "पडून राहिला काय तांदूर?" मी हो म्हणून मान हलवली; तांदूळ पडतच होता. ते घराकडे बघत राहिले. लांब ओट्यावर आईचा हात वर जात होता आणि रिकामा खाली येत होता, पुन्हा वर जात होता. ते त्यांना दिसत होतं. मग ते म्हणाले, "युनिटच खराब हाय," आणि माझ्या पुढून चालायला लागले.

त्या दिवशी चिन्नोरचा भात शिजला, पण कुणी चव घेतली नाही. बाबा अर्ध्या ताटावरून उठले. ते बाहेर गेल्यावर आई म्हणाली, "मले मालूम हाय. दोन सालापासून रातकिडे आयकू नाही येत त्यायले. मले म्हणतात, फवारनीनं मेले सारे. मी हाव म्हनते." मी तिच्यावर चिडले, सांगितलं का नाहीस म्हणून. ती ताट उचलत म्हणाली, "बिड्या सोडा म्हनलं तं पंधरा दिवस बोलले नाही. कानाचं कोन सांगन?" पंचवीस वर्षं भोंग्याच्या शेजारी बसून त्यांचा बारीक आवाजांचा कान गेला होता. बोलणं ऐकू येत होतं, ट्रक ऐकू येत होते, म्हणून कुणाला कळलं नव्हतं. पत्र्याची धार तेवढी अजून त्यांच्यापर्यंत पोचत होती, म्हणून पत्रा त्यांना चांगला वाटत होता, आणि तीही पोचेनाशी झाली की ते बटण वाढवत होते. गावाला जो आवाज टोचत होता, तो त्यांना जेमतेम ऐकू येत होता. मी आता दरवर्षी नागपूरला कान तपासून घेते आणि कागद दुकानात लावून ठेवते. गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

बाबा परत आले तेव्हा मी विषय काढलाच. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि पौर्णिमा जवळ येत होती. म्हटलं, "बाबा, पन्नीच लावायची. भोंगे चाराचे आठ करू, आवाज कमी ठेवू, खाली बांधू."

"पन्नी फाटते."

"थे तुमच्या हातानं फाटते," मी म्हणाले.

हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनात परत घेतलं आहे आणि दर वेळी परत तिथेच ठेवलं आहे, कारण ते खरं होतं. पन्नी निवडायची म्हणजे बटणावरचा हात बदलायचा. निवड नुसत्या डायफ्रामची नव्हती, हे आम्हाला दोघांनाही त्याच क्षणी कळलं. बाबांचा चेहरा असा झाला की तसा मी परत कधी पाहिला नाही. आई चुलीपाशी सरळ होऊन बसली. बाबा उठून झोपायला गेले.

सकाळी मी उठले तेव्हा भोंगा मागच्या दारात लावलेला होता. माइक ओट्यावर, सूप माइकपुढे. बाबा सुपाशी बसले होते. "तुही माय जाईन बोडीवर," ते मला म्हणाले. "तू तिन्ही लावजो एकाआड एक. पन कोनता लावला हे तिले नको सांगू. मले बी नको सांगू. मंग तू जाजो, थे लावन." आईला डायफ्राम बसवता येत नाही, असं मी म्हटलं. "मंग तीन युनिटात तीन बसवून ठेव, तुही माय नुसती उलटी-पालटी करन. दोघी आयका, आन् वेगवेगळं सांगा मले." आई जन्मात पहिल्यांदा त्या पाळीवर परीक्षक म्हणून उभी राहिली, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन. बाबांनी स्वतः तांदूळ सोडला. मी सहा वेळा युनिट बदललं. आईला नियम सांगितला होता की पसंत पडला तर पदर वर करायचा. दोन वेळा तिचा पदर वर गेला. दोन्ही वेळा पन्नी होती. मग मी पाळीवर गेले, आईने मला न सांगता युनिटं बदलली, आणि माझंही तेच उत्तर आलं.

बाबांनी सुपातला तांदूळ ओंजळीने डब्यात परत भरला. मग म्हणाले, "माप बरोबर हाय. मापनाराच चुकला." एवढंच. स्वतःच्या कानापेक्षा स्वतःच्या रीतीवर ज्याचा जास्त विश्वास, असा कारागीर मी त्यानंतर पाहिला नाही, आणि तो माझा बाप होता याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या कशाचाच नाही. दुपारी ते एकटेच नागपूरला गेले आणि पन्नीचे आठ डायफ्राम घेऊन आले. दोन जास्तीचे आणा, असं मी सुचवलं होतं. "फाटनार नाही तं जास्तीचे कायले?" ते म्हणाले.

आठही मी बसवले. प्रत्येकाला सुक्या सेलचा नुसता स्पर्श करून पाहिला, घुमट बाहेरच उडतो ना. एखादा उलटा निघाला तर शेजारच्या भोंग्याचा आवाज तो खाऊन टाकतो. एक निघालाच उलटा. त्याच्या तारा फिरवल्या. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांनी भोंगे बांधले, आणि ते काम फक्त त्यांनीच करावं असं होतं. कोणत्या कोपऱ्यात किती उंच, तोंड किती खाली, कुठल्या भिंतीवर आवाज आपटून परत येईल, हे त्यांना ऐकायची गरज नव्हती, डोळ्यांनी कळत होतं. शेवटचा भोंगा बांधून ते खाली उतरले आणि मशिनीपुढची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी पुसली. एका काकाने विचारलं, "दौलत, पोरगी बसन मशिनीवर?" बाबा म्हणाले, "तिच्याच नावाची हाय."

सकाळी मैदान भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, एका बाजूला खिरीची मोठी गंजं आणि लाखोळीच्या वड्यांचा वास. वंदना झाली, गुरुजींचं प्रास्ताविक झालं, आणि भंतेजी बोलायला लागले. आवाज खरोखरच खोल गेलेला होता. ते जणू समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलत होते. सवयीने माझा हात बटणाकडे गेला, मी तो मागे घेतला आणि कान दिला. शब्द येत होता, स्वच्छ, कुठे न टोचता. पण मी मशिनीपाशी होते, शेवटच्या रांगेचं मला कसं कळणार? बाबा तिथे होते. ते मुद्दाम शेवटच्या रांगेमागे, म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या तिथे जाऊन उभे राहिले होते, आणि ऐकत नव्हते, बायकांची तोंडं बघत होते.

भंतेजी सांगत होते की तरुणपणी ते एका विहारात रोज ध्यानाला बसायचे आणि रोज त्यांना झोप लागायची; शेवटी एका बाईने त्यांना सांगितलं, भंतेजी, घोरता तरी हळू. हे त्यांनी इतकं हळू सांगितलं की एरवी पुढच्या रांगेतली माणसं आधी हसली असती आणि मागची विचारत राहिली असती, काय म्हनले, काय म्हनले. तसं झालं नाही. पुढची रांग हसली त्याच क्षणी मागच्या म्हाताऱ्याही हसल्या, एक तर पदर तोंडाला लावून शेजारणीच्या अंगावर कलंडली. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, आणि मला दिसेल असा उंच धरला.

कार्यक्रम संपताना गुरुजींनी आभार मानले. मंडपवाला, खीर करणाऱ्या बाया, आणि "आवाजासाठी आपले दौलतभाऊ." टाळ्या झाल्या. बाबांनी नुसते हात जोडले असते तर चाललं असतं. पण ते मागून चालत आले, सगळ्या मैदानातून, आणि गुरुजींच्या हातातला माइक त्यांनी घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात माइक देणारा माणूस स्वतः कधी त्यावर बोलला नव्हता. माइक त्यांनी अगदी ओठांना लावला.

"जय भीम," ते म्हणाले. "टाळ्या माह्या नाही. मले दोन सालापासून बारीक आवाज आयकू येत नाही. मी कोनाले सांगतलो नाही. तुमचे कान दुखले, थे माह्यानं दुखले, माफी असावी. आजचा डायफ्राम माह्या पोरीनं निवडला. भंतेजीची गोठ मी आयकलो नाही, पन तुमी हासले ते पाह्यलो. आतापासून मशिनीवर करुणाच बसन. मी बांबू बांधन."

मला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरून वाहत होते. पण कान शाबूत होते. बाबा मोठ्याने बोलत होते, कमी ऐकू येणारा माणूस बोलतो तसे, आणि माइक तोंडात घातल्यासारखा धरलेला. 'जय भीम' म्हणाले तेव्हाच मी बटण दोन घरं खाली आणलं होतं, आणि त्यांचा शेवटचा शब्द होईपर्यंत हात तिथून काढला नाही. घरी येऊन आठही युनिटं उघडून पाहिली. एकही पन्नी फाटली नव्हती.